मूळ वेळ

तिनं सर्व्हरवरून फाइली उतरवायचे दोन प्रोग्रॅम शेजारीशेजारी उघडले आणि दोघांतूनही एकच छोटी फाइल उतरवून पाहिली. करड्या, जुनाट दिसणाऱ्या प्रोग्रॅमनं चांगलं मिनिटभर घेतलं, पण फाइलची मूळ तारीख-वेळ जशीच्या तशी ठेवली. नव्या, रंगीत प्रोग्रॅमनं ती चुटकीसरशी आणून टाकली आणि वर आजची तारीख ठोकली.

"करडाच घे," मागून बाबा म्हणाले. "मला वेळ हवी."

कशाला, ते तिला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ परगावी नाटकांसाठी आवाज मुद्रित करायचा आणि सगळं काम भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचा. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी नऊला त्याचं नि बाबांचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं, आणि बाराला रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. मधल्या तीन तासांनी बाबांना पोखरून काढलं होतं. बाबा घड्याळजी. डोकं तापलेलं असताना हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांचा घरातला कायदा. धाकट्यानं बाकीचे सगळे कायदे धाब्यावर बसवले, पण हा एक पाळला. त्या सकाळी नऊनंतर त्यानं एखादी फाइल जरी जतन केली असेल, तर त्याचा राग निवळला होता. बाबांना एवढंच कळायला हवं होतं.

ते पुढच्या खोलीतल्या दुकानात गेले. करडा प्रोग्रॅम रांगत राहिला. पासवर्ड हाती लागला तोच आज, फोल्डर शेकडो, आणि सर्व्हर संध्याकाळी सहाला बंद होणार होता. तिनं सर्व्हरवाल्या कंपनीच्या ऑफिसात फोन करून दोन दिवस मागितले. पलीकडच्या बाईंनी नियम वाचून दाखवला.

"माणूस गेलाय हो आमचा!"

बाईंनी नियम पुन्हा वाचला. तिनं फोन आपटला, त्याच तिरमिरीत करडा बंद केला आणि रंगीत सुरू केला. उतरवून झाल्यावर तिथलं काढून टाकायचं का, असं त्यानं विचारलं. असल्या माणसांकडे भावाचं काहीही राहायला नको, म्हणून तिनं 'हो' दाबलं.

पाच वाजता सगळं आलं. एकूण एक फाइलवर आजची तारीख होती. तिनं सर्व्हर उघडून पाहिला, तो रिकामा. भाऊ गेला त्या दिवसाच्या फाइलींची यादी तरी आधी बघून घ्यायची, हे तिला आता सुचलं.

"झालं?" बाबा दारात उभे होते. भिंग कपाळावर सरकवलेलं.

"झालं."

"शेवटची किती वाजताची?"

तिनं मान वर केली. बाबांच्या पाठीमागे दुकानाची भिंत दिसत होती. विक्रीची नवी घड्याळं, सेल न घातलेली, काटे छान दिसतात म्हणून बाबांनी सगळी एकाच वेळेवर लावून ठेवलेली.

"दहा वाजून दहा."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग वळून त्यांनी भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ.

"म्हणजे तासाभरात निवळला," ते म्हणाले.

"हो, बाबा."

ते दुकानात गेले. खुर्ची सरकली, टेबलावरचा दिवा लागला. तिला वाटलं, आता ते हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहणार. रागावले की ते तसेच बसायचे, कधीकधी दिवसभर. तिला राहवेना. ती दाराशी गेली.

बाबांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, भिंग डोळ्याला लावलं आणि समोरच्या उघड्या घड्याळावर वाकून बारीक स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.