बाही चावणारी शाळा

टेलरबाईचा देवावर विश्वास होता, पण त्याहून जास्त अस्तरावर होता. माणूस वरून इस्त्री करून येतो, कपडा आतून उलटा केला की खरं काय ते कळतं, असं तिचं म्हणणं. दुरुस्तीला आलेला कपडा ती आधी उलटा करायची, खिसे रिकामे करायची, शिवणींवरून अंगठा फिरवायची आणि मगच टेप हातात घ्यायची. एकदा एका नवरदेवाच्या कोटाच्या आतल्या खिशात तिला परगावचं तिकीट सापडलं होतं. लग्नाच्याच दिवसाचं, एकट्याचं. तिने कोट दोन बोटं आत घेतला आणि तिकीट होतं तिथे ठेवून दिलं. बिचाऱ्याला एक तरी दार उघडं असावं.

तर अशा बाईच्या मुलीला हायस्कूल निवडायचं होतं. मुलगी तेरा वर्षांची. जवळची शाळा सातवीला संपत होती. बापाने तिचं नाव ठेवलं होतं प्रश्नपत्रिका. हाक मारताना पत्रिके. ती बोलायला लागली तेव्हापासून घरात एकही वाक्य पूर्णविरामाने संपलं नव्हतं.

पुढे शाळा दोन. दोन्ही कॅथलिक, दोन्ही खाजगी, दोन्ही सिस्टर लोकांच्या. एक टेकडीवरची, घंटेच्या मनोऱ्याची, जिच्या निकालाचा फलक वाचता वाचता मान अवघडते. दुसरी गोदामामागची, जिला फलकच नव्हता. दोन्हींचे गणवेश टेलरबाईकडे दुरुस्तीला यायचे, त्यामुळे तिला माहितीपत्रकं वाचायची गरज पडली नाही. गोदामवाल्यांच्या पँटी गुडघ्यावर फाटलेल्या, खिसे गोट्या आणि खडूंनी भोकं पडलेले. म्हणजे पोरं खेळतात. टेकडीवाल्यांचे ब्लेझर मात्र कसे, कोपरांना घासल्याची चकाकी नाही, खिशात कागदाचा कपटा नाही, आणि बाह्यांची टोकं चावलेली. एक नाही, दोन नाही, त्या वर्षात अकरा. आया यायच्या, ब्लेझर टेबलावर टाकायच्या आणि म्हणायच्या, बाही खराब झालीय बघा, कशी झाली विचारलं तर कार्टं तोंड उघडत नाही. टेलरबाई चावलेली पट्टी कापायची, नवी लावायची, आणि कापलेली पट्टी डब्यात टाकायची. डबा भरत चालला होता आणि तिचं मत पक्कं होत चाललं होतं: त्या शाळेत पोरं भीतीने बाह्या खातात.

पण घरात तिचं मत म्हणजे चारातलं एक. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं, वर जाणारी कुठलीही गोष्ट चांगली. नणंद, म्हणजे ताई, रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायच्या आणि टेकडीवरच्या मुख्य सिस्टरना ओळखायच्या. त्यांनी शब्द टाकून मुलाखत मिळवली होती. आणि खुद्द पत्रिकेला तीच शाळा हवी होती, कारण तिथल्या वाचनालयात चाकांवर सरकणारी शिडी आहे असं तिने दारातून पाहिलं होतं.

ताईंना धास्ती वेगळीच होती. या कुटुंबाचं चर्चला जाणं ठरलेलं: कुणी जन्मलं, कुणी अडकलं, कुणी सुटलं, तेवढ्यापुरतं. पण खरी काळजी पोरीच्या तोंडाची. गेल्या वर्षी ताईंच्याच वर्गात धडा चालला होता, पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार लोक जेवल्याचा. सगळी मुलं माना डोलावत होती. पत्रिकेने हात वर केला आणि विचारलं, जेवले ते ठीक, पण मागची भांडी घासली कोणी? पुढचा अर्धा तास वर्गात त्यावरच भांडण. मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या. ताईंनी तिला बाहेर उभं केलं. बाहेर ती माळ्याला तेच विचारत बसली.

"मी माझा शब्द टाकलाय," ताई दारातूनच म्हणाल्या. "तिथे हिने भांडी काढली तर मला रविवारी तोंड दाखवायला जागा नाही. वहिनी, तू हिला आवर."

टेलरबाईने आवरायचं ठरवलं. तीन मतांपुढे तिचं एक टिकणार नव्हतं; मुलाखतीला तर जावं लागणारच. पण पोरगी त्या शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी तोंड उघडून बसली तर तिचं काय होईल, हे टेलरबाईला अकरा पट्ट्यांवर लिहिलेलं दिसत होतं. जिथे जायचंच आहे तिथे तगायला तर हवं. म्हणून तिने आठवडाभर, शाळा सुटल्यावर, कटिंगच्या टेबलाशी तालीम घेतली. स्वतः गळ्यात टेप अडकवून सिस्टर झाली. पोरीला तीनच उत्तरं दिली: हो सिस्टर, नाही सिस्टर, थँक्यू सिस्टर. नवरा फादर व्हायला पुढे आला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला की स्वर्गात जायला लिफ्ट आहे की जिना, आणि आहे तर तिचं वर्षाचं कंत्राट कुणाकडे आहे. त्याला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं.

सोमवारी पत्रिका दर दुसऱ्या वाक्याला "पण का?" म्हणायची. बुधवारी म्हणायला तोंड उघडायची आणि मिटायची. शुक्रवारी नुसती टेबलाच्या कडेला उभी राहून खाली बघत "हो सिस्टर" म्हणाली, आणि टेलरबाई म्हणाली, शाब्बास. रात्रीचं जेवण त्या दिवशी लवकर आटोपलं. बोलणारं कोणी नव्हतं.

मुलाखतीला टेलरबाईने पोरीला नवा फ्रॉक शिवला, निळा, लांब बाह्यांचा. आणि आपल्या पिशवीत, रुमालाखाली, त्या अकरा पट्ट्या ठेवल्या. हे तिने कुणालाच सांगितलं नाही. सिस्टरांपुढे टाकायच्या आणि जाब विचारायचा, मग ताई काय बोलायचं ते बोलोत.

मुख्य सिस्टर बुटक्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, टेबलावर फायलींचा ढीग, ढिगावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. ताई आणि लिफ्टवाला बाहेर बाकावर बसले. आत सिस्टरनी पोरीला विचारलं, वाचायला आवडतं का.

"हो सिस्टर."

सर्वांत आवडलेलं पुस्तक कुठलं?

"हो सिस्टर."

सिस्टरनी चष्मा लावला आणि काढला. घरी कोण कोण असतं, इथे काय शिकावंसं वाटतं, एवढंच काय, भूक लागली आहे का, हेही विचारून पाहिलं. हो सिस्टर, नाही सिस्टर, थँक्यू सिस्टर. शेवटी काही विचारायचं आहे का म्हटल्यावर पत्रिकेने आईकडे पाहिलं आणि नाही सिस्टर म्हणाली. टेलरबाईला वाटलं होतं आपल्याला हायसं वाटेल. वाटलं नाही. तिने पिशवीतला रुमाल बाजूला करून पट्ट्या फायलींवर ओतल्या.

"मला विचारायचंय," ती म्हणाली. "तुमची पोरं बाह्या का खातात?"

सिस्टरनी एक पट्टी उचलली, उजेडात धरली, आणि कपाळावर हात मारला. "पुन्हा बिशप," त्या म्हणाल्या. "चला माझ्याबरोबर." टेलरबाईने पट्ट्या पुन्हा पिशवीत भरल्या आणि पोरीला घेऊन मागोमाग निघाली.

प्रार्थनाघराच्या मागे जाळीचं कुंपण होतं आणि कुंपणात बोकड. पांढरा, लांब दाढीचा, साऱ्या जगाला माफ केल्यासारखा बघणारा. गवत कापायचं यंत्र बिघडलं तेव्हा माळ्याने तो आठवडाभरासाठी आणला होता, त्याला तीन वर्षं झाली. दाढीमुळे पोरांनी त्याला बिशप केलं. सिस्टर सांगत होत्या, मागे खरे बिशप शाळा बघायला आले तेव्हा याला कोठीत कोंडावं लागलं, कारण कुणी "बिशप" म्हटलं की दोघंही वळायचे. बोकडाला काही खायला घालायची पोरांना सक्त मनाई. म्हणून फाटकात खिसे तपासले जायचे. म्हणून पोरं बिस्किटं बाहीत लपवायची. आणि बिशप बिस्किटाबरोबर बाहीचाही प्रसाद घ्यायचा. घरी खरं सांगितलं तर दोन्हीकडून मार, तेव्हा तोंडं बंद.

टेलरबाईने पट्ट्या परत हातात घेतल्या आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोकडाला पुढचे वरचे दात नसतात. तो चावत नाही, ओढतो. अकराच्या अकरा पट्ट्यांवर धागे एकाच बाजूला लांब ओढलेले होते. हे तिला पहिल्याच बाहीवर दिसायला हवं होतं. तिने कपडा उलटा केला होता, पण जे आधीच ठरवलं होतं तेच त्यात वाचलं होतं. वीस वर्षांच्या धंद्यात ही चूक तिला मशिनवर बसणाऱ्या नवख्या पोरीचीही चालली नसती.

पत्रिका कुंपणाशी गेली होती. तिने जाळीतून हात आत घातला आणि बोकड तो हुंगायला आला. टेलरबाई सवयीने पुढे झाली, बाही वाचवायला. आणि तिला बाही दिसली.

नव्या निळ्या फ्रॉकच्या बाहीचं टोक ओलं होतं. कडेची शिवण चपटी झालेली, धागे आखूड, कापडात दाबून बसलेले. ओढलेलं काही नव्हतं. बारीक बारीक, वरच्या खालच्या दोन्ही दातांनी, बराच वेळ. फ्रॉक काल संध्याकाळी पूर्ण झाला होता. आज सकाळी बसमध्ये पोरगी खिडकीशी गप्प बसली होती, आणि टेलरबाईने मनात म्हटलं होतं, बरं झालं, शिकली.

त्यांच्या घरी बोकड नव्हता.

ती पोरीजवळ खाली बसली. सिस्टर ऐकत होत्या, पण आता त्याची लाज वाटायला वेळ नव्हता. तिने पोरीची बाही एकदा दुमडली, पुन्हा दुमडली, ओलं टोक आत गेलं. "हे माझ्यामुळे झालं ना?" तिने विचारलं. पोरीने आधी हो सिस्टर म्हटलं, मग स्वतःच चपापली, आणि मग दोघींनाही हसू आलं, पण फार नाही.

"मीच शिकवलं हिला," टेलरबाई उभी राहून सिस्टरना म्हणाली. "आठवडाभर. ही अशी नाहीये. ही फार बोलते. ताईंनी शब्द टाकलाय, तो त्यांचा चांगुलपणा. पण घ्यायची तर बोलणारी घ्या, नाहीतर आम्हाला गोदामामागची शाळा आहे." आणि पोरीकडे वळून, "विचार."

"कुठलाही?"

"कुठलाही."

"भांडीपण?"

"ते तुझं तू बघ."

पत्रिकेने बोकडाकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं, आणि आठवडाभराचा बांध फुटायच्या आधी माणूस जसा श्वास घेतो तसा घेतला. "सिस्टर, तुम्हाला प्रार्थनेचा कधी कंटाळा येतो का?"

सिस्टरनी मागे वळून प्रार्थनाघराचं दार बंद आहे ना ते बघितलं. "मंगळवारी," त्या म्हणाल्या.

"मग काय करता?"

"करते तरी. मग इथे येऊन याच्याशी बोलते."

"हा ऐकतो?"

"हा दाढी हलवतो. तेवढं पुरतं कधी कधी."

मग काही थांबलं नाही. शिडीवर कुणालाही चढता येतं का, सिस्टर व्हायच्या आधी त्या काय होत्या, इथे चुकीचं उत्तर दिलं तर काय होतं. शेवटच्या प्रश्नावर सिस्टर म्हणाल्या की ते बाईंवर अवलंबून, सगळ्या बाई सारख्या नाहीत, खोटं कशाला सांगू. टेलरबाईला हे उत्तर बोकडापेक्षाही आवडलं. दोघींना तिथेच सोडून ती व्हरांड्याकडे परतली.

वाट बघून बघून ताई व्हरांड्याच्या टोकापर्यंत आल्या होत्या. तिथून ऐकू येत नव्हतं, नुसते पोरीचे हलणारे हात दिसत होते. त्यांनी आधी कपाळाला, मग छातीला बोटं लावून क्रूसाची खूण केली.

"काय बोलतेय ती एवढं? वहिनी, बोलव तिला."

"नाही बोलवत," टेलरबाई म्हणाली.

"अगं, मुलाखत चाललीय का चौकशी?"

"चौकशी. ती शाळेची मुलाखत घेतेय. ताई, तुम्ही बसा बघू."

ताई बसल्या नाहीत. लिफ्टवाला मात्र बायकोच्या शेजारी येऊन कठड्याला टेकला, आणि दोघं तिकडे बघत राहिले. मग टेलरबाईने लांबून हाक मारली, पत्रिके, ठरलं का गं? हीच ना?

"थांब ना," पोरगी मागे न बघता ओरडली. "अजून तीन आहेत. मग सांगते."