टपावरची कयाक

कयाक विकायची असं मुलीने ठरवलं, तेव्हा तिने मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. होडी तिची, मोटार तिची आणि दुखरा खांदाही तिचाच.

खांद्याच्या ऑपरेशनला पाच महिने झाले होते. वल्हं मारायला डॉक्टरांची हरकत नव्हती. खांद्याच्या वर वजन न्यायचं नाही, एवढीच त्यांची अट. पण तलाव तासाभराच्या वाटेवर, आणि सत्तावीस किलोची कयाक मोटारीच्या टपावर चढवल्याशिवाय तिथे जात नाही. पूर्वी तिचं दुसरं टोक जावई धरायचे. ते जहाजावर इंजिन सांभाळतात, वर्षातले आठ महिने समुद्रावर. माझ्या पाठीचं तर विचारूच नका. त्यामुळे होडी गॅरेजात दोन पट्ट्यांवर लटकत होती, आणि दर रविवारी उजाडायच्या आत निघणारी आमची पोर दुपारपर्यंत अंथरुणात पडून छत बघत होती.

एका शाळामास्तरांनी होडी पसंत केली. शनिवारी चार वाजता न्यायला येतो म्हणाले.

"चारपर्यंत तरी ती आपलीच ना?" मी शनिवारी सकाळी म्हणालो. "मग चल, दुकानात जाऊन येऊ. टपावर बसवायचे सांगाडे मिळतात, नाना तऱ्हेचे."

"बाबा, सांगाडा होडी धरून ठेवतो. चढवून देत नाही."

"चल तर खरी. तुला एकटीला चढवता आली तर ठेव, नाही आली तर मास्तरांची."

आतून तिची आई म्हणाली, "जा गं बाई. नाहीतर दिवसभर हे माझ्या डोक्यावर बसतील. मलाही वर वजन झेपत नाही."

दुकानदार बोलका होता. त्याने आधी आकड्यासारखा वाकवलेला सांगाडा दाखवला. होडी त्यात कुशीवर राहते, जागा कमी लागते, सगळ्यात जास्त हाच खपतो, असं म्हणाला.

"चढवायची कशी?" मी विचारलं.

"सोपं आहे, काका. अशी धरायची, अशी उचलायची, अशी ठेवायची." त्याने रिकामे हात डोक्यावर नेऊन खाली आणले.

"हातात काही नसलं की मीही हत्ती उचलतो."

मुलगी हसली. हसू आवरायला तोंडावर हात नेला, तोही दुखरा. मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

दुसरा सांगाडा मोटारीच्या बाजूने खाली उतरायचा. होडी कमरेच्या उंचीवर ठेवायची, मग आतले दट्टे अर्धं वजन आपल्या अंगावर घेऊन ती वर ढकलतात. मुलीने तो दोनदा खालीवर करून पाहिला.

"बाबा, हाच घेऊ."

मी मोटारीतून तिचं माहितीपुस्तक काढून आणलं. अक्षरं मी पन्नाशीनंतर शिकलो, तीही या मुलीकडूनच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्यामुळे छापलेलं काही फुकट घालवायला मला आवडत नाही. ओळीखाली बोट सरकवत मी वाचलं. टपावर जास्तीत जास्त पन्नास किलो, सांगाड्याचं वजन धरून.

"तुमच्या ह्या यंत्राचं वजन किती?"

"एकोणीस असेल. पण खूप मजबूत आहे, काका."

"दोन आडव्या दांड्यांचं?"

"सहा."

"आणि होडी सत्तावीस. बावन्न झाले."

"दोन किलोंनी काय होतंय?"

"दोन किलोंनीच होतं," मी म्हणालो. "शंभर किलो जास्त असले तर माणूस मुळात चढवतच नाही."

चाळीस वर्षं मी ट्रकवर माल चढवला आणि बांधला. दोन-दोन किलो वाढत जाऊन मोडून पडलेले ट्रक मी पाहिलेत. मुलीने मात्र यंत्र खाली ठेवलं आणि दाराकडे बघायला लागली.

तेवढ्यात मला कोपऱ्यातली खोगिरं दिसली. पुढच्या दांडीवर दोन रबरी खोगिरं आणि मागच्या दांडीवर दोन छोटी रबरी चाकं, एवढाच तो प्रकार, वजन नावापुरतं. दुकानदार म्हणाला, जुना माल आहे, कोणी विचारत नाही.

मी चाक अंगठ्याने फिरवलं. "अगं, नग अख्खा उचलतंच कोण? एक टोक मागून चाकांवर टेकवायचं, मग शेपटाकडून ढकलायचं. टेकलेलं वजन गाडीचं, उरलेलं आपलं. आम्ही लोखंडी कपाटं अशीच चढवायचो."

"मी कपाट नाही चढवत, बाबा."

"मग तर आणखी सोपं."

घरी येऊन आम्ही दांड्या बसवल्या, त्यावर खोगिरं आणि चाकं. मोटार बुटकी, मुलगी उंच. टपाची मागची कड तिच्या खांद्याखालीच येत होती. कडेला ओरखडे नकोत म्हणून मी न्हाणीघरातली रबरी चटई आणून पसरली. तिची आई म्हणाली, "आता मी न्हाणीघरात घसरून पडले की मलाही टपावर घालून दवाखान्यात न्या."

मुलीने होडीचं नाक चांगल्या हाताने उचलून चटईवर टेकवलं. मी पुढे झालो तर डोळे वटारले. मग ती शेपटाकडे गेली, ते कमरेइतकं उचललं आणि ढकललं. नाक चटईवरून सरकलं, चाकांवर चढलं, आणि सगळी होडी पुढच्या खोगिरात जाऊन बसली. पाणी प्यायला लागावा तेवढाच वेळ गेला.

"मास्तरांना फोन कर," मी म्हणालो.

"करते. आधी जेवू, मग करते."

ती आत गेली आणि मी होडी बांधली. सांगाड्याबरोबर साधे पट्टे आले होते, आणि चार पानांचा एक छापील कागद. बांधायचं कसं हे मला कागद शिकवणार? मी माझा जुना पट्टा काढला, दात्याच्या चाकाचा, कटकट करत आवळायचा. आमच्यात एक रीत होती. आवळलेल्या पट्ट्यावर टिचकी मारायची. तो तारेसारखा वाजला, तरच ट्रक सोडायचा. पट्टा वाजेपर्यंत मी आवळला, आणि समाधानाने जेवायला गेलो.

तीनला बाहेर आलो तेव्हा मुलगी मोटारीशेजारी उभी होती. ऊन टपावर आलं होतं. मागच्या चाकांपाशी होडीच्या तळाला दोन खड्डे पडले होते, मूठ मावेल एवढे.

"मी फोन केला नाही, हे बरंच झालं," ती म्हणाली. "निदान हे दाखवून होडी मास्तरांना तरी देता येईल. त्यांनी घेतली तर."

"माझ्यामुळे झालं."

"राहू द्या, बाबा."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी गॅरेजात जाऊन कचऱ्याच्या डब्यातून तो कागद काढला आणि पायरीवर बसून वाचायला लागलो. दात्याचा पट्टा प्लास्टिकच्या होडीला कधीही वापरू नये, हे पहिल्याच पानावर होतं, ठळक अक्षरांत. माझे कान तापले. पुढे वाचत गेलो. शेवटच्या पानावर, अगदी खाली, बारीक अक्षरांत: तळाला खड्डा पडल्यास पट्टा काढावा, होडी पालथी करून उन्हात ठेवावी, बहुतेक वेळा आकार परत येतो.

"बहुतेक वेळा म्हणजे?" मुलीने विचारलं.

"म्हणजे चल, उतरव."

आम्ही ती जशी चढवली तशीच उतरवली आणि अंगणात पालथी घातली. एक खड्डा अर्ध्या तासात उथळ झाला, मग नाहीसा. दुसरा हटून बसला. चारला मास्तर आले, हातात टोपी, मागे भाड्याचा टेम्पो.

"हे काय?" ते वाकून म्हणाले. "खड्डा पडलाय. मग ठरल्या किमतीत कसं जमायचं? आपण थोडं—"

टप्प!

मास्तर दोन पावलं मागे सरले. मुलीने खाली बसून सपाट झालेल्या तळावर तळवा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. पुन्हा एकदा फिरवला.

"मास्तर," ती उठत म्हणाली, "माफ करा. तुम्हाला उगाच फेरी पडली. टेम्पोचं भाडं मी देते. पण होडी देत नाही."

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. चहा पिऊन गेले बिचारे.

संध्याकाळी तिने होडी परत एकटीने चढवली, आणि सैल हातांनी, साध्या पट्ट्यांनी बांधली. मी टिचकी मारली. पट्टा वाजला नाही.

"अगं, वाजत नाही."

"नाही वाजणार. हलवून बघा."

मी होडी धरून हलवली. मोटार हलली, होडी हलली नाही.

रविवारी उजाडायच्या आत मोटार निघाल्याचा आवाज आला. मी टेबलाशी बसून राहिलो. सव्वा तासाने फोन वाजला.

"पोचले, बाबा. वाटेत दोनदा थांबून बघितलं. कुठे खड्डा नाही."

"उतरवलीस?"

"उतरवली. पाण्यात आहे मी. ठेवू का? फोन भिजेल."

"ठेव, ठेव," मी म्हणालो.

तिची आई चटई घेऊन न्हाणीघराकडे निघाली होती. "पोचली ना?" तिने विचारलं. मी मान हलवली, आणि अंथरुणात जाऊन दहापर्यंत झोपलो.