लाल झाकणाचा डबा

रमिलाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तसा खिम दोन पावलं मागे सरला.

“तूच शिंपड. माझे हात तेलकट आहेत.”

तो नुकताच आंघोळ करून आला होता. मनगटावरून अजून पाणी ठिबकत होतं. भिंतीतल्या कपाटाचं सरकतं दार रमिलाने थोडंसं लोटलं आणि आत वाकली. गाद्यांच्या घड्यांखाली, अंधारात, परातीतल्या मातीतून जवाचे कोंब वर आले होते. उजेड न लागल्यामुळे हळदीसारखे पिवळे. घटस्थापनेला हे जव खिमनेच पेरले होते, निष्ठाचा हात हातात धरून. दशैंच्या दहाव्या दिवशी वडीलधारी माणसं कपाळावर दही-तांदळाचा लाल टीका लावतात आणि हे कोंब कानामागे खोचतात, असं अर्धं नेपाळीत, अर्धं जपानीत लेकीला त्यानेच समजावलं होतं. आणि शनिवारपासून तोच माणूस या कपाटाच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.

“बाबा, बघा ना, केवढे झाले!” निष्ठाने त्याचा सदरा ओढला.

“हो, हो. मस्त.” त्याने सदरा अलगद सोडवून घेतला आणि मास्क नाकावर चढवला. मास्कखाली चार दिवसांची दाढी होती.

रमिलाने दार लावून घेतलं. गेल्या वर्षी शाळेत बाईंनी विचारलं होतं, तुमच्या घरी कोणता सण करतात? सहा वर्षांच्या पोरीने उत्तर दिलं होतं, आमच्याकडे सण नसतो. पालकांच्या सभेत बाईंनी हे हसत हसत सांगितलं, पण रमिला हसली नव्हती. त्या दशैंला ती डबे भरण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करत होती, आणि धाकटा प्रसून अंगावर पीत होता. या वर्षी मात्र काही झालं तरी पोरांचा दशैं साजरा होणार, आणि पुरता होणार, असं तिने स्वतःलाच बजावलं होतं. नेमक्या याच वर्षी नवरा असा वागायला लागला होता.

सर्दी झालीय म्हणून तो स्वयंपाकघरात निजायचा, तेही गादीशिवाय, नुसत्या चटईवर. रमिलाने त्याला एकदाही शिंकताना ऐकलं नव्हतं. फोन आला की बाहेरच्या लोखंडी जिन्यावर जायचा आणि हळू आवाजात बोलायचा. गावी ठुलोबांना, त्याच्या थोरल्या चुलत्यांना, फोन लाव म्हटलं, तर त्यांचा फोन पाण्यात पडला म्हणाला. रविवारी तिचा फोन जरा बघतो म्हणून घेतला आणि परत दिला, तर त्यातून फेसबुक गायब.

“अहो, फेसबुक कुठे गेलं?”

“जुना झालाय फोन. सणानंतर बघू.”

फेसबुकवर कुणाचा फोटो होता, जो तिने बघू नये? खिम काम करायचा त्या खाण्याच्या दुकानात नवीन आलेल्या करिश्माचं नाव तिच्या मनात आलं. विद्यार्थी व्हिसावर आलेली, केसांना तांबूस रंग लावलेली मुलगी. दाढी मात्र या हिशेबात कुठे बसत नव्हती. ज्याचं मन बाहेर गुंतलंय तो गाल घोटून गुळगुळीत करतो. हा विचार डोक्यात आला, पण रमिलाने तो बाजूला सारला. संशयाला अडथळा नको होता.

बुधवारी गंगादिदीचा फोन आला. खिम ज्या दुकानात आचारी होता, त्या दुकानाची ही मालकीण.

“काय गं बहिनी, आमच्या खिमला काय खाऊ घालतेस? इथलं काही पोटात जात नाही त्याच्या.”

“म्हणजे?”

“अगं, दुकानात जेवतच नाही! आधी दोन ताटं चेपायचा. आता आपला लाल झाकणाचा डबा घेऊन कोपऱ्यात बसतो. आणि रस्सा म्हणशील तर एक दिवस समुद्र, दुसऱ्या दिवशी गवत. चाखून बघत नाही, म्हणे पोट बरं नाही. गिऱ्हाईक जपानी, तोंडावर काही बोलणार नाही, पण परत येईल का? मी म्हटलं, कुणाच्या प्रेमात-बिमात पडला की काय!” दिदी खो खो हसली. “डबा तूच देतेस ना?”

रमिलाच्या घरात लाल झाकणाचा डबा नव्हता. आणि घरी तो रोज सांगत होता, दुकानात जेवून आलो.

“हो, मीच देते,” ती म्हणाली. “पथ्य आहे त्यांना.”

दुपारी प्रसूनला सायकलच्या मागच्या खुर्चीत बांधून ती निघाली. या वेळेला खिम मालकाबरोबर भाजी आणायला जातो, हे तिला ठाऊक होतं. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत करिश्मा एकटीच टेबलं पुसत होती.

“भाउजू!” वहिनीला पाहून ती दचकली. “तुम्ही? खिमदाइ बाजारात गेलेत.”

“माहीत आहे. त्यांचा डबा कुठाय?”

मुलगी गडबडली. तिने फळीकडे बोट केलं. “हात लावू नका हं भाउजू, चिडतात. परवा मी नुसतं म्हटलं, दाइ, थोडं लोणचं वाढू का, तर केवढे ओरडले! सगळ्यांच्या आधी येतात, वेगळ्या छोट्या पातेल्यात स्वतः शिजवतात. आमचा घासलेला चमचासुद्धा घेत नाहीत. मी काय केलंय हो?”

तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. रमिलाने तिच्याकडे पाहिलं. केस तांबूस, पण नखं भांडी घासून पांढरी पडलेली. उगाचच तिला स्वतःची लाज वाटली, तरी हात फळीकडे गेलाच.

झाकणाखाली थंड भात. वर तुपाचा गोठलेला गोळा, बाजूला उकडलेला बटाटा. एवढंच. रमिलाने बोटाने भाताची दोन शितं उचलून जिभेवर ठेवली. मग बटाट्याचा तुकडा.

मीठ नव्हतं.

विसरलेलं नव्हतं. आचाऱ्याच्या डब्यात मीठ विसरत नाही.

ती तिथल्याच उलट्या बादलीवर बसली. मीठ सोडलेलं, दाढी वाढवलेली, चटईवर निजणं, देवाच्या परातीपासून लांब राहणं. हे सगळं ती लहानपणापासून पाहत आली होती, फक्त त्याच्यात कधी पाहिलं नव्हतं. सुतक. आणि ज्याचे आईबाप आठवतही नाहीत इतके आधी गेले, त्याला इतकं कडक सुतक धरावंसं वाटेल असं गावात एकच माणूस होतं. ज्या थोरल्या चुलत्यांनी त्याला खांद्यावर बसवून वाढवलं, आणि ज्यांचा फोन पाण्यात पडला होता.

ठुलोबा गेले होते.

फेसबुकवर सगळ्या भाऊबंदांनी त्यांचा हार घातलेला फोटो लावला असणार.

“आई, भूक,” प्रसून म्हणाला. रमिलाने झाकण लावलं, डबा होता तसाच फळीवर ठेवला.

“मी आले होते हे सांगू नकोस हं पोरी,” ती करिश्माला म्हणाली. “आणि तू काही केलेलं नाहीस.”

परतीच्या वाटेवर वारा समोरून होता, ते बरंच झालं. मागून प्रसूनने विचारलं, आई रडतेस का, तर वारा डोळ्यांत जातोय असं सांगता आलं. त्यांच्या डोंगरात सणाच्या तोंडावर कुणी परगावी वारलं, तर बातमी आणणारा वेशीवरच थांबायचा. मृत्यू घडल्यामुळे सुतक लागत नसे, तो कानावर पडल्यावर लागे. ऐकलं की टीका नाही, जव नाही, घरादाराचा दशैं बुडाला. खिमने बातमी आपल्या एकट्याच्या कानात ठेवली होती. तिचे आणि पोरांचे कान त्याने कोरे राखले होते.

आणि तिला तरी कुणी काय सांगितलं होतं? कुणीच काही नाही.

संध्याकाळी तो आला तेव्हा निष्ठाने रोजच्यासारखी उडी मारायला धाव घेतली. रमिलाने तिला मध्येच पकडलं.

“बाबा दमलेत. आधी अभ्यास पुरा कर.”

खिमने चपला काढता काढता वर पाहिलं.

“जेवून आलो मी,” तो सवयीने म्हणाला.

“बरं.”

एवढ्यावर ती थांबली, याचंच त्याला नवल वाटलं असावं. तो घुटमळला.

“टीक्याच्या दिवशी सुट्टी मिळत नाहीये,” तो म्हणाला. “मालक ऐकत नाही.”

“राहू द्या. पोरांना मी लावते टीका. शाळेच्या आधी.”

“चालेल तुला?”

“न चालायला काय झालं?”

तो तिच्याकडे बघत राहिला. “दुकानात गेली होतीस का आज?”

“मी कशाला जाऊ दुकानात? पोरं सोडून?” रमिला कोथिंबीर निवडत म्हणाली. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. तिने मान वर केली नाही. एकदा नजरेला नजर भिडली असती, तर तो सांगून मोकळा झाला असता.

टीक्याच्या दिवशी सकाळी खिम लवकर निघाला. दारात त्याने बूट घातले, बाही खाली ओढली, पुन्हा वर केली. निष्ठा लाल कुर्ता घालून पाटावर बसलेली. प्रसूनने वाटीतला टीका आधीच नाकाला फासला होता.

“जातो,” खिम म्हणाला.

“या,” रमिला म्हणाली. दार लागलं.

तिने तांदूळ चिमटीत घेतले आणि निष्ठाच्या कपाळावर दाबले.

“आई, ठुलोबा फोन करणार ना? आशीर्वाद तेच म्हणतात.”

रमिलाने आणखी दोन दाणे दाबले. “आज मी म्हणते. त्यांचाच म्हणते.”

“तुला येतो?”

“दर वर्षी ऐकलाय की.” ठुलोबांचा आशीर्वाद पोथीतला नव्हता, त्यांनी स्वतःच जोडलेला होता. “केस पिकेपर्यंत जगा. दात पडले तरी हसा.”

निष्ठा पडलेल्या दाताचं खिंडार दाखवत हसली.

“डोंगर चढा, पण घसरणाऱ्याचा हात धरा. जाल तिथे पोट भरू दे, आणि...”

पुढचं येईना. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. दर वर्षी या ठिकाणी ठुलोबांना खोकला यायचा, फोन हलायचा आणि तिला शब्द नीट ऐकू यायचे नाहीत.

“जाल तिथे पोट भरू दे, आणि...”

“आणि पायांना घर आठवू दे,” दाराबाहेरून आवाज आला. अगदी हळू.

निष्ठाने चटकन दाराकडे मान वळवली. “आई, बाबा—”

“हलू नको, टीका पडेल,” रमिला म्हणाली. तिने पोरीची हनुवटी धरून चेहरा परत आपल्याकडे वळवला. लोखंडी जिन्यावर अजून पावलं वाजली नव्हती. मग तिने प्रसूनला पुढे ओढलं, चिमटीत तांदूळ घेतले आणि आशीर्वाद पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली. या वेळी सावकाश, आणि दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.