आंबेनळीच्या चढावर निसटलेला गिअर

मित्रांनो, महाडच्या एका गॅरेजमागे गवतात उभी असलेली मी एक जुनी गाडी आहे. आधी मी मिनीबस होते. नव्वद सालानंतर मुरारीने माझी बाकडी काढली, आत पलंग टाकला, स्वयंपाकाचा ओटा बांधला आणि मी घर झाले. तो आणि त्याची बायको चंपाबाई जत्रांतून खेळणी विकत आणि माझ्यातच राहत. माझी देखभाल चंपाबाईचा भाऊ कुशाबा करी.

एका उन्हाळ्यात त्याने माझा गिअरबॉक्स उघडून नीट केला. पुढे काही महिन्यांनी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना माझा दुसरा गिअर आपोआप निसटू लागला. सपाट रस्त्यावर मात्र मी सुरळीत पळे. मुरारीच्या मनात पाल चुकचुकली.

"तुझ्या भावानं चांगले गिअर काढून जुने घातलेत," तो म्हणाला.

"कुशाबा तसा नाय. इचारा तरी त्याला."

"चोराला काय इचारायचं? का तुलापण ठावं होतं?"

चंपाबाई त्या दिवशी जेवली नाही. मुरारीने ही गोष्ट बाजारभर केली. कुशाबाची गिऱ्हाइके तुटली. माझे दुखणे वेगळेच होते, पण मला वाचा कुठली?

पुढच्या जत्रेला जाताना एका वळणावर गिअर पुन्हा निसटला. माल ठासून भरलेला. ब्रेक दाबूनही मी दरीकडे सरकू लागले. चंपाबाईने खाली उडी टाकून चाकामागे धोंडा सारला, तेव्हा कुठे मी थांबले. नवऱ्याला न विचारता तिने खाली जाणाऱ्या जीपवाल्याकडे भावासाठी निरोप दिला.

कुशाबा आला. तो माझ्याखाली शिरला आणि बराच वेळ पडून राहिला.

"गिअर चांगले हायत, भावोजी. गिअरबॉक्स ज्या रबरावर बसतो, ते बघा. तुमच्या स्टोव्हचं रॉकेल फटीतून गळून त्याचा लगदा झालाय. चढावर जोर आला की गिअरबॉक्स उचलतो नि गिअर सुटतो."

मुरारीने वाकून रबराला हात लावला. ते बोटांना चिकटून आले.

कुशाबाने दुसऱ्या दिवशी नवे रबर बसवले. चंपाबाईने चहा पुढे केला.

"नको गो. खाली टपरीवर घेईन," तो म्हणाला आणि घाट उतरू लागला.

त्यानंतर मी कितीतरी वर्षे तो घाट न अडखळता चढले. कुशाबा मात्र पुन्हा कधी माझ्या पायरीवर चढला नाही.

मित्रांनो, गाडी चढावर अडली तर आधी वाकून तिच्या पोटाखाली पाहा. माणसावर संशय घेण्याची घाई करू नका. रबर महाडच्या बाजारात मिळते.