गालातलं औषध

दीड वर्षाच्या लेकीनं सकाळपासून माझ्या नाकी नऊ आणले होते. अंगात ताप, आणि ओठ असे मिटलेले की तिजोरी बरी. मी औषधाच्या चमच्याचं विमान उडवलं, माकड झालो, शेवटी ओरडलोसुद्धा. तिनं गुलाबी औषध माझ्या शर्टावर फुर्रकन उडवलं.

हिची आई मुलांच्या वॉर्डात नर्स. फ्लूची साथ आल्यापासून तिकडेच मुक्कामाला. जगाची पोरं तिच्या हातून मुकाट औषध घेतात, आणि घरात माझी डाळ शिजत नाही! तिचा आवाज ऐकला की लेक जास्तच रडते, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला.

"अरे, जिभेवर कशाला ओततोस?" ती म्हणाली. "ड्रॉपरनं गालात सोड, थोडं थोडं. मग तोंडावर हळूच फुंकर घाल. आपोआप गिळते." मागे कुणाचं तरी मूल रडत होतं. "ठेवते," म्हणाली, पण लगेच ठेवला नाही.

तसंच केलं. गालात औषध, तोंडावर फुंकर. लेकीनं घटकन गिळलं, डोळे मोठे केले आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"आई?"

दारात कुणी नव्हतं. उरलेलं औषध तिनं शहाण्यासारखं घेतलं, प्रत्येक फुंकरीनंतर दाराकडे बघत. मग डोळे मिटले, तोंड उघडलं आणि चेहरा पुढे केला.

ड्रॉपर रिकामा होता. मी नुसतीच फुंकर घातली.