सव्वीसला दिलेले वाटाणे

सिग्नेने कागद माझ्या नाकापुढे नाचवला. "बोदिल, बघ! उंदरांची दहाच्या दहा पिल्लं ठणठणीत. रक्तात ॲलर्जीची खूणसुद्धा नाही. सोमवारी इस्पितळात मुलांना वाटाण्याचं नवं दूध चाखवायचं. यादीत पहिली आमची टिल्ड!"

प्रयोग सिग्नेचा, आणि टिल्ड तिची चार वर्षांची लेक. गाईच्या दुधाचा एक घोट गेला तरी तिचा गळा सुजतो. दुसऱ्यांच्या वाढदिवसालाही स्वतःचा डबा घेऊन जाते, बिचारी.

"छान, छान," म्हणत मी पिंजरे धुवायला पळाले.

प्रयोगशाळेच्या या उंदीरघरात माझी एकतीस वर्षं गेली. नियम एकच, आणि नवख्यांना तो मीच दरडावून सांगते: ज्या प्रथिनाची परीक्षा घ्यायची, ते या उंदरांच्या तीन पिढ्यांच्या तोंडाला लागता कामा नये. आईने ते खाल्लं असेल तर पिल्लांचं शरीर त्याला आपलंच मानतं, बिथरत नाही. मग आपण घातक वस्तूलाही बिनधोक म्हणून मोकळे होतो.

आणि जुलैत मी काय केलं? पिंजरा सव्वीसमधली गाभण मादी दोन दिवस खाण्याला तोंड लावेना. माझ्या खिशात बाजारातल्या कोवळ्या शेंगा होत्या. इथे जुलैत ऐन उन्हाळा, आणि उन्हाळाभर आम्ही सगळे त्या कच्च्याच खातो. चार दाणे सोलून तिच्यापुढे धरले. परीक्षा वाटाण्याचीच आहे हे आठवलं नाही असं नाही. चार दाण्यांनी काय होतंय, म्हटलं! मोठी शहाणी मी. ती दहाही पिल्लं तिचीच.

जेवणाच्या सुट्टीत मी सिग्नेच्या दारात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

तिने कॉफीचा कप खाली ठेवला. "आठ महिने, बोदिल. आठ महिने पाण्यात."

"काढून टाक मला. पण टिल्डला ते देऊ नकोस."

तिने इस्पितळाला फोन लावला. "सोमवारचं रद्द करा. नाही, एकाही मुलाला नको." फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"खूप रागावलेय मी तुझ्यावर," ती म्हणाली. आणि मग हळूच, "खाल्ले का गं ते दाणे तिने?"

"चारही. मग आपलं खाणंही खायला लागली."

सिग्नेने डोळे पुसले. "उद्यापासून दारात खिसे उलटे करायचे. तू पण, मी पण."

दुसऱ्या घराण्यातले उंदीर आणून पहिल्यापासून सुरुवात केली. रोज सकाळी मी कुणी न सांगता खिसे उलटे करत होते.

नवा कागद आठ महिन्यांनी, मे महिन्यात आला. दहांपैकी सात पिल्लांच्या रक्तात ॲलर्जीची खूण होती.

सिग्ने साबणाने खरखरीत झालेला माझा हात घट्ट धरून बसली. मग टिल्डला बालवाडीतून आणायला तासभर आधीच निघाली.