पलीकडचा पाळणा

"सर, 'रिग्रेट' म्हणजे खेद. मग 'रिमोर्स' वेगळा कशाला?"

शिकवणीला आलेल्या स्नेहाचा प्रश्न अनंत मास्तरांनी अर्धवटच ऐकला. खिडकीतून केरीचा धक्का दिसत होता. तेरेखोलहून फेरीबोट परतत होती.

"रिग्रेटच्या मुळाशी मेलेल्यासाठीचा विलाप आहे, असं म्हणतात. रडून तो सरतो. रिमोर्स म्हणजे लॅटिनमध्ये पुन्हा चावणं."

ते बसले, लगेच उठले. नदीपलीकडे आज त्यांच्या नातवाचे बारसे होते. लेक ताराचे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, ते सासरीच झाले. राजभाषेच्या वादात मास्तर मराठीच्या सभांत होते, जावई देवेश कोंकणीच्या मोर्च्यांत. आणि एका संध्याकाळी मास्तरांनी त्याला उंबऱ्यावरूनच परतवले होते. आता गोवा घटकराज्य झाले होते, भिंतींवरच्या घोषणा विटल्या होत्या. उंबरा तसाच होता.

मास्तरांच्या पत्नी सुमंगलाबाईंनी माळ्यावरचा पाळणा पलीकडे न्यायला उतरवून ओट्यावर आणला. "पाळणो आजोळचोच जाय. मी व्हरतंय. तुमी येतलास?"

"माझ्या भाषेचा ज्यानं—"

"जावयाक गाळी घातलास त्यो खंयच्या भाशेत? सगळो वाडो आयकी होतो. त्यात मराठी एक अक्षर नाय होता!"

स्नेहाने हसू पुस्तकात लपवले. मग घाईने पुढचा शब्द वाचला, "रिप्रोच."

"दोष देणे. ठपका."

"आणि मूळ, सर?" ही सवय त्यांनीच तिला लावली होती.

मास्तरांनी ओट्यावरच्या पाळण्याकडे पाहिले. "त्याच्या पोटात 'जवळ' हा शब्द आहे. परत जवळ आणणं."

बोटीचा भोंगा वाजला. मास्तरांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि पाळणा उचलला.

धक्क्यावर देवेश उभा होता, सासूला न्यायला आलेला. मास्तरांना पाहून तो थबकला. मराठी, कोंकणी, इंग्रजी, शाळेतली जुनी पोर्तुगीज. एका शब्दासाठी मास्तरांनी सगळ्या भाषा चाचपल्या.

देवेशने पाळण्याची दुसरी बाजू धरली.

"सांबाळून, मास्तर. रॅम्प निसरडो आसा."

पूर्वी तो त्यांना 'बाबा' म्हणे.

बोट निघाली. "आतां तरी खाली ठेवात तो!" सुमंगलाबाई म्हणाल्या. जागा भरपूर होती. पण दोघांपैकी कोणीही हात सोडला नाही, आणि रिकामा पाळणा त्यांच्यामध्ये पाण्याच्या लयीत पैलतीरापर्यंत झुलत राहिला.